साताऱ्यातला ज्युदोचा वर्ग : दीड वर्षात ५ थ्रो, तरी साडेचार तारे

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. वर्ग चांगला आहे. मुलांना घाला, जमलं तर स्वतःही जा. पण महिन्याभरात स्वसंरक्षण शिकून मोकळं व्हायचं असेल, किंवा दर आठवड्याला काही नवीन मिळालं नाही की फी वाया गेल्यासारखी वाटत असेल, तर जाऊ नका. दीड वर्षात मी ५ थ्रो, म्हणजे समोरच्याला खाली टाकण्याचे डाव, शिकले आणि त्यातला एक अजूनही येत नाही.

वर्गाचं नाव लिहीत नाही, सरांनीच तशी अट घातली. "मॅडम, लिहायचं ते लिहा, पण नाव नको. २८ मॅटवर आत्ताच ३२ पोरं आहेत." पोवई नाक्यावरून चालत १० मिनिटांवर एका शाळेचा हॉल आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पावणेसात ते सव्वाआठ. सातारकरांना एवढ्यावर सापडेल.

मी ४६ वर्षांची, कोर्टात स्टेनो. दिवसभर साक्षी-पुरावे उतरवून घ्यायचे, घरी येऊन स्वयंपाक. खेळाशी संबंध म्हणाल तर शाळेत खो-खो, तोही राखीव खेळाडू म्हणून. धाकटी लेक १२ वर्षांची, तिला सोडायला-आणायला जात होते. बाकावर बसून मोबाइल बघत असायचे. तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "बसून बसून कंबर धरेल, त्यापेक्षा पडायला या." मला वाटलं चेष्टा करताहेत. बुधवारी लेकीचा जुना ट्रॅकसूट घालून गेले आणि त्यांनी खरोखरच पडायला लावलं.

पण त्याआधीचा एक अनुभव सांगितल्याशिवाय या वर्गाची किंमत कळायची नाही. त्याच्या वर्षभर आधी आम्ही ऑफिसातल्या सहाजणी पुण्याला २ दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिराला गेलो होतो. माणशी ४,५०० रुपये, जेवण-चहा धरून. चकाचक हॉल, एसी, काळे टीशर्ट, मोठा पडदा. प्रशिक्षकाने सुरुवातीलाच पडद्यावर हिकचा नियम दाखवला. १९५२ साली हिक नावाच्या शास्त्रज्ञाने दिवे आणि बटणं घेऊन प्रयोग केले आणि दाखवलं, की पर्याय वाढतील तसा माणसाला योग्य बटण दाबायला जास्त वेळ लागतो. म्हणून संकटात साधं काहीतरीच करा, असं ते म्हणाले. मला फार पटलं. आणि मग पुढच्या २ दिवसांत त्यांनी आम्हाला १९ प्रकार शिकवले. मी मोजले, कारण वहीत उतरवून घेत होते, सवयच आहे. मनगट धरलं तर ४ प्रकार, मागून मिठी मारली तर ३, केस ओढले तर २, आणि शेवटी रबरी पिस्तूल हिसकावून घेण्याचा एक. साताऱ्यात माझ्यावर पिस्तूल कोण रोखणार आहे, देव जाणे.

सोमवारी रात्री भांडी आवरून झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "धरा माझं मनगट." त्यांनी धरलं, पण डाव्या हाताने. शिबिरात सगळ्यांनी उजव्याने धरलं होतं. मी तशीच उभी राहिले आणि डोक्यात वहीची पानं उलटायला लागले. "अहो, उजव्या हाताने धरा ना," असं शेवटी मीच म्हणाले. ते अजूनही चारचौघांत हा किस्सा सांगतात.

तर वर्गाकडे येते. पहिले ६ आठवडे फक्त उकेमी, म्हणजे पडायला शिकणं. मागे पडणं, डावीकडे, उजवीकडे, मग खांद्यावरून कोलांटी. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची म्हणजे हनुवटी छातीशी राहते आणि डोकं आपटत नाही. हात अंगापासून थोडे तिरके ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम मॅटवर आपटायचा. हात फार लांब गेला तर खांद्याला हिसका बसतो, फार जवळ राहिला तर तो अंगाखाली सापडतो. रोज मागे २०, दोन्ही कुशींना २०-२०, कोलांट्या जमतील तितक्या. लहान मुलं चेंडूसारखी उसळतात. मी आपली ज्वारीचं पोतं खाली टाकावं तशी. पहिला आठवडाभर कोर्टात खुर्चीवरून उठताना माझ्या तोंडून "आई गं" निघायचं आणि समोरचे वकील चमकून बघायचे.

सातव्या आठवड्यात पहिला थ्रो, ओसोतो गारी. 'गारी'चा अर्थ कापणी, विळ्याने कापतात तशी. समोरच्याच्या उजव्या पायाच्या बाहेरून आपला उजवा पाय घालायचा आणि त्याचा पाय मागून कापून घ्यायचा. बघायला इतकं सोपं, की लेक म्हणाली, "आई, हे तर आम्ही शाळेच्या मैदानावर करतो." टीव्हीवर बघणाऱ्यालाही वाटेल की पाय अडकवला आणि पाडलं, झालं.

पण सरांनी पहिला महिनाभर पाय उचलूच दिला नाही. एका हातात समोरच्याची बाही, दुसऱ्यात कॉलर. डावा पाय त्याच्या उजव्या पावलाच्या शेजारी टाकायचा, बाही आपल्या खिशाकडे खाली ओढायची, छातीला छाती भिडवायची, आणि थांबायचं. परत मागे. परत पुढे. याला उचिकोमी म्हणतात. १०-१० चे १० हप्ते, म्हणजे एका संध्याकाळी १००. महिन्याचे साधारण १२ दिवस, म्हणजे १,२००. आणि या १,२०० वेळांत एकदाही कोणी पडत नाही! फी भरून आलेल्या माणसाला हे गिळणं जड जातं. आमच्याबरोबर आलेल्या ९ मोठ्यांपैकी ५ जण याच महिन्यात गळाले. एक गृहस्थ जाताना म्हणाले, "यूट्यूबवर यापेक्षा जास्त शिकवतात." खरंच आहे ते. टोकियोतली कोदोकान ही ज्युदोची मूळ संस्था, जिगोरो कानो यांनी १८८२ साली काढलेली. तिच्या यादीत आज ६८ थ्रो आहेत आणि घरबसल्या सगळे बघता येतात. जुन्या अभ्यासक्रमात ४० होते, ५ गटांत ८-८. आमचे पाचही त्यातल्या पहिल्या गटातले : ओसोतो गारी, ओ गोशी, ओउची गारी, सेओइ नागे आणि देआशी बाराई. पुढच्या ४ गटांचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही.

मग पाय का उचलू द्यायचा नाही? हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही आपटून. एका १४ वर्षांच्या मुलीबरोबर रांदोरी चालली होती. रांदोरी म्हणजे दोघांनीही खरा प्रयत्न करायचा, ठरवून पडायचं नाही. ती मला काकू म्हणते, वजनाने माझ्यापेक्षा १५ किलो कमी. मी मोठ्या हौसेने पाय घातला. तिला मागे न कलवताच घातला, आणि माझं स्वतःचं वजन होतं माझ्याच टाचेवर. तिने जागेवरून न हलता माझाच पाय कापला आणि मी छताचे पंखे मोजत होते. यालाही नाव आहे, ओसोतो गाएशी. म्हणजे तुमचा अर्धवट ओसोतो हा समोरच्याचा आयता थ्रो. ओसोतोचं सगळं काम पाय हलायच्या आधी होतं. तोल बाहीने मोडतो, छातीने मोडतो, त्या एका पावलाने मोडतो. पाय शेवटी येतो. जपानी लोकांनी याचे ३ टप्पे पाडलेत. कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे शिरून जागा घेणं आणि काके म्हणजे प्रत्यक्ष टाकणं. लोक बघतात ते काके. आमचे सर शिकवतात पहिले दोन.

सरांची शिकवण्याची पद्धत म्हणजे एका वेळी एकच चूक. माझ्या ओसोतोत त्या काळात निदान ८ चुका असतील. त्यांनी महिनाभर फक्त बाहीचा हात बघितला. "बाही खाली. खिशात घाला. नाही, तो वरचा खिसा झाला, खालचा." बाकी सगळं चुकलं तरी गप्प. ते आपोआप बसल्यावर मग पाऊल. मी स्वतः शॉर्टहँड शिकलेली असल्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. आमच्या क्लासमध्ये हुशार मुली पुस्तकात शेवटी दिलेली लांबलचक वाक्यांची जोडचिन्हं पाठ करायच्या, 'असे माझे म्हणणे आहे' एका फटक्यात. मिनिटाला १२० शब्दांच्या परीक्षेत डिक्टेशन सुरू झालं, की त्यांचा हात नेमका तिथेच थबकायचा, कारण आठवायला लागायचं. तेवढ्यात ४ शब्द पुढे गेलेले. ज्यांच्या साध्या रेघा, हुक आणि वर्तुळं पक्की होती त्या पास झाल्या. मी दुसऱ्या प्रयत्नात झाले, तेही जोडचिन्हं सोडून दिल्यावर.

आता आण्णांबद्दल. माझे वडील कराडजवळच्या एका खेड्यातले, तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या मारायचे. फार मोठे पैलवान नव्हते, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीच्या अलीकडे थांबले. आता वय ७९. दिवाळीत त्यांना मी सांगितलं की वर्ष होत आलं आणि ५ डाव झाले, तर मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "पाच? लई झालं की. मला ढाक येत हुती. तेवढ्यावर बारा वर्सं खाल्ली." मी म्हटलं, "मग समोरच्याला कळायचं नाही का, तुम्ही ढाकच मारणार म्हणून?" तर म्हणे, "कळू दे की! अख्ख्या तालुक्याला ठावं हुतं. ठावं असून बी पडला पायजे, त्याला डाव म्हणायचं."

हे वाक्य मी सरांना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले आणि मग भिंतीकडे बोट केलं. हॉलच्या भिंतीवर शाळेचे सुविचार सोडले तर दोनच फोटो आहेत. एक कानो यांचा, आणि दुसरा आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा. मला आधी वाटायचं हा स्थानिक अभिमान असेल. सरांनी सांगितलं ते असं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांना ५७ किलो गटात कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. सुवर्ण मिळालं जपानच्या शोहाची इशिई यांना, आणि खाशाबा त्यांच्याकडून हरले होते. हे इशिई मूळचे ज्युदोचे. महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे आमच्या तांबड्या मातीतल्या माणसाची गाठ तिकडे एका ज्युदोवाल्याशीच पडली होती. ज्युदो ऑलिंपिकमध्ये यायला १९६४ साल उजाडलं. हे ऐकल्यापासून मी आत शिरताना दोन्ही फोटोंना वाकते. लेक फक्त कानोंना वाकते, कारण नियमात तेवढंच आहे.

सरांचं आणखी एक लाडकं उदाहरण म्हणजे यासुहिरो यामाशिता. १९७७ ते १९८५ सलग २०३ लढती न हरलेला माणूस, आणि सगळ्या जगाला माहीत की हा ओसोतोला येणार. मी आण्णांना ते सांगितलं. "बरूबर हाय," एवढंच म्हणाले, जणू काही ओळखीच्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी सरांची भक्त झाले. तर नाही. साध्याचा हट्ट कुठे तोकडा पडतो, तेही याच हॉलमध्ये पाहिलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावातला एक मुलगा आला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिकडे ब्राझिलियन जिउजित्सू शिकतो, निळा पट्टा. उभ्याने खेळताना आमच्या पोरांनी त्याला बऱ्यापैकी पाडला. पण एकदा जमिनीवर गेल्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. आमचा तपकिरी पट्ट्याचा मुलगा, जिल्ह्याचं पदक असलेला, ४ फेऱ्यांत ३ वेळा मॅट थोपटून, म्हणजे हार मानून, मोकळा झाला. तो पाहुणा खाली पाठीवर पडलेला असायचा, म्हणजे आमच्या हिशेबाने हरत आलेला. पायांनी याची कंबर धरायचा, हाताला ओढ द्यायचा. याने हात सोडवून घेतला की मान उघडी पडायची. मान वाचवली की दुसरा हात. प्रत्येक बचाव हाच पुढच्या सापळ्याचं दार. आमच्याकडे जमिनीवर येतं काय, तर केसा गातामे आणि अजून दोन पकडी. २० सेकंद दाबून धरलं की इप्पोन, म्हणजे थेट विजय, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी घरी जाऊन बराच विचार केला. मला वाटतं उभ्याने वेळच नसतो. तोल मोडला आणि परत सावरला, इतक्यात सगळं होऊन जातं, तिथे साखळी आठवत बसणारा माझ्यासारखा पंखे मोजतो. जमिनीवर मात्र दोघंही एकमेकांत गुंतलेले, कुणाला झटकन कुठे जाता येत नाही. बुद्धिबळासारखं थांबून, श्वास घेऊन पुढच्या ३ चाली मांडता येतात. तिथे गुंतागुंत चालते, नुसती चालते नाही, भारी पडते. माझं हे म्हणणं कोणा जाणकाराला बाळबोध वाटेल, मी पिवळ्या पट्ट्याची आहे हे लक्षात ठेवून वाचा.

सरांचं मोठेपण असं, की ते त्या मुलाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हे आपल्याला येत नाही." सुट्टी संपेपर्यंत त्याला शिकवायला लावलं. आणि सरांचा कमीपणा असा, की तो पुण्याला परत गेल्यावर ते सगळं बंद पडलं. डिसेंबरपासून पुन्हा उचिकोमी. मी दोनदा विचारलं, "सर, ते जमिनीवरचं?" "करू, करू."

दुसरी तक्रार जोडथ्रोंची. हिरवा पट्टा मिळेपर्यंत एका थ्रोमधून दुसऱ्यात जायचं नाही, असा सरांचा नियम आहे. सर्वसाधारण नियम म्हणून ठीक. पण काही थ्रो जुळ्या भावंडांसारखे असतात. ओउची गारीत आपण समोरच्याच्या डाव्या पायावर आतून जातो. तो शहाणा असेल तर डावा पाय मागे घेतो, आणि मग त्याचं सगळं वजन उजव्या पायावर येतं. तोच पाय ओसोतोला हवा असतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मार्चमध्ये रांदोरीत माझ्या हातून ते झालं. ओउची फसला, पाय तसाच बाहेरून गेला आणि माझ्याहून उंच बाई, तीही कॉलेजात शिकवणारी, धप्पकन खाली. मी स्वतःच घाबरले. सरांनी बघितलं होतं. शाबासकी नाही, रागावणंही नाही. "परत सुरू करा," एवढंच. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मला ५ मिनिटं बाजूला घेऊन ते का झालं हे सांगायला हवं होतं. अंगात आपसूक आलेली गोष्ट नियमासाठी दाबून ठेवणं हाही एक प्रकारचा अवघडपणाच झाला.

न येणारा थ्रो देआशी बाराई. पाचांत सर्वांत साधा. समोरचा पाऊल टाकतो, ते जमिनीवर टेकता टेकता आपल्या तळव्याने झाडून घ्यायचं, केरसुणीने कचरा लोटावा तसं. ताकद लागत नाही. आमच्या वर्गातला ९ वर्षांचा एक मुलगा सरांना त्याने पाडतो, आणि सर खोटं पडत नाहीत. पण वजन पावलावर यायच्या आधी झाडलं तर पाऊल हवेत, काही होत नाही. वजन आल्यावर झाडलं तर तो विजेचा खांब, आणि आपलाच घोटा सुजतो. मधला जो क्षण आहे तो मला दिसतो, कळतो, सरांनी दाखवला की "हो, हाच" असं म्हणते, आणि माझा पाय पोहोचेपर्यंत तो गेलेला असतो. ८ महिने झाले. घोट्याला लावायच्या मलमाचा खर्च मी फीमध्ये धरत नाही.

आता सोयी-गैरसोयी. फी महिना ७०० रुपये, एका घरातले दोघे असतील तर दोघांचे मिळून १,२००. पावती मिळत नाही, सरांच्या डायरीत टिक होते. मॅट १ बाय २ मीटरच्या, चांगल्या घट्ट आहेत, पण सांधे सरकतात आणि त्या फटीत पायाचं बोट अडकतं. चिकटपट्टी लावली जाते, ती ४ दिवस टिकते. पावसाळ्यात हॉलला कुबट वास येतो, इलाज नाही, साताऱ्याचा पाऊस. बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, शाळेची प्रयोगशाळा उघडून देतात. तिथे कोपऱ्यात शिकवायचा हाडांचा सांगाडा उभा आहे, त्याच्यासमोर ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, चढवायची. आता सवय झाली, पण नवीन येणाऱ्या बाईला आधी सांगायला हवं. मोठ्यांची वेगळी बॅच नाही. मुलांबरोबरच सगळं, त्यामुळे वजनाने जुळेल असा जोडीदार रोज मिळेलच असं नाही. सर कधीकधी टोचून बोलतात, विशेषतः उशिरा येणाऱ्या पालकांना. पट्ट्याच्या परीक्षेचे पैसे वेगळे, पण उगाच परीक्षा घेत नाहीत. मला पिवळा पट्टा १० महिन्यांनी मिळाला, लेकीला माझ्या आधी. त्या दिवशी कंदी पेढे वाटले, आण्णांनी २ खाल्ले आणि साखर वाढली म्हणून आईची बोलणी मला बसली.

स्वसंरक्षणाला उपयोग होतो का, हे सगळे विचारतात. सरांना विचारलं तर ते म्हणतात, "पळा. रोज २ किलोमीटर पळा." माझ्यापुरतं सांगते. गेल्या जुलैत पावसात जिन्याच्या ओल्या पायरीवरून मी घसरले. हनुवटी आपोआप छातीशी गेली, डोकं वाचलं. पण उजवा हात पुढे गेला, तोच जो मॅटवर आपटायला शिकवतात आणि पडताना आधाराला पुढे टेकवू नका असं दीडशे वेळा सांगतात. मनगट मुरगळलं, ३ आठवडे पट्टी. स्टेनोचं उजवं मनगट म्हणजे काय ते विचारू नका, साहेबांनी तेवढे दिवस मला फायली लावायला बसवलं. सरांना वाटलं तर सहानुभूती दाखवतील म्हणून पट्टी बांधूनच गेले. त्यांनी मनगट बघितलं, मान हलवली. "डोकं आलं. हात अजून यायचाय." आणि पट्टी निघाल्यावर पहिल्याच दिवशी मला मुलांच्या रांगेत उभं करून मागे पडण्याचे २० लावले.

साडेचार तारे देते. अर्धा जमिनीवरच्या खेळासाठी कापला. तो चालू झाला की परत देईन.

नवीन प्रवेश जूनमध्ये आणि दिवाळीनंतर असतात. मधेच गेलात तर घेतात, पण पडण्याचे ६ आठवडे कोणालाच चुकत नाहीत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घरी काढून या, मॅटवर कशालाच परवानगी नाही. नखं कापलेली लागतात, सर तपासतात. ज्युदोगी पहिल्या दिवशी घेऊ नका, २ महिने ट्रॅकसूट चालतो. मग घ्याल तेव्हा कराटेची पातळ घेऊ नका, पहिल्याच ओढीला काखेत फाटते. ज्युदोची जाड विणीची घ्या, मला २,२०० ला मिळाली. आणि एक माप मोठी घ्या, पहिल्या धुण्यात आटते. माझी बाही आता मनगटाच्या चार बोटं वर आली आहे.